कारली-दोडक्यातील फळमाशी : सापळा लावला तरी डंखलेली फळे उचलावीच लागतील

पावसाची उघडझाप आणि दमट हवा फळमाशीला मानवते, म्हणून ज्यांच्या मंडपावर कारली, दोडकी, दुधी किंवा काकडी धरली आहेत त्यांनी हा आठवडा हातचा जाऊ देऊ नये. मी पाहिलेल्या बहुतेक वाया गेलेल्या प्लॉटमध्ये सापळे टांगलेले होते. मात्र डंखलेली (मादीने अंडी घालण्यासाठी टोचलेली), पिवळी पडून गळालेली फळे वेलाखाली तशीच सडत होती.

सापळ्यातील क्यू-ल्यूर, म्हणजे वासाने माशी ओढणारे आमिष (ल्यूर), हा बेंझिनचे वलय असलेला, म्हणजे ॲरोमॅटिक कीटोन आहे. रास्पबेरीला वास देणाऱ्या कीटोनचाच तो ॲसिटेट असून दमट हवेत त्याचे हळूहळू त्या मूळ कीटोनमध्ये रूपांतर होते. मूळ कीटोन अत्तरात आणि खाद्यपदार्थांच्या स्वादासाठी वापरतात. क्यू-ल्यूर त्याहून लवकर उडतो, म्हणून सापळ्यासाठी तो सोयीचा. परंतु या वासाला नरच येतात. मिलन झालेली मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालतच राहते, अळ्या गर खाऊन जमिनीत उतरतात, कोष करतात आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी वर येते. म्हणून डंखलेले प्रत्येक फळ दर दोन दिवसांनी वेचून दोन फूट खोल पुरावे, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावे. बांधावर फेकलेले फळ म्हणजे पुढची पिढी शेतातच ठेवणे होय.

नेहमीची कामे:
- सापळे फुलोऱ्यापूर्वी, एकरी 8 ते 10
- उंची मंडपाइतकी
- ल्यूर 30 ते 45 दिवसांनी बदलणे
- निंबोळी अर्क 5 टक्के
- वेलाखालची माती वरचेवर हलवणे

दुकानातून ल्यूर घेताना नाव वाचून घ्यावे, कारण आंब्याच्या फळमाशीचे मिथाईल युजेनॉल कारल्यात लावून काही उपयोग होत नाही, आणि तरीही ते हातात ठेवले जाते. सापळ्यात माशी दिसेना की महागड्या दोन-तीन औषधांचे मिश्रण सुचवले जाते. फळाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत ती फवारणी पोहोचत नाही, त्यामुळे तो खर्च टाळावा. बांधावर मका किंवा एरंडी असल्यास माश्या दुपारी तिथे विसावतात, असा माझा अनुभव आहे. दोन सापळे त्या बाजूला टांगून पाहावेत आणि फळे वेचायला सुरुवातही तिथूनच करावी.