केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर हलायचा

हॅम रेडिओसाठी ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन तारांची ॲन्टेना, बांधला. एकूण लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ, इथे ७.१, म्हणजे साधारण २०.१ मीटर. वायर थोडी जास्तच ठेवली. कापणं सोपं, जोडणं कटकटीचं. टोकं दुमडत दुमडत एसडब्ल्यूआर (ॲन्टेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.३ वर आणला आणि खूश झालो.

मग गंमत सुरू झाली. कोॲक्स (रेडिओला ॲन्टेनाशी जोडणारी केबल, आत तार आणि भोवती धातूची जाळी म्हणजे शील्ड) हातात धरली की मीटरचा काटा थेट १.८ वर. मी रेडिओवर बोललो की कॉम्प्युटरचे स्पीकर गुरगुरायचे, आणि एकदा माइकच्या जाळीला ओठ टेकला तर चांगलाच चटका बसला. दोन संध्याकाळी सोल्डर तपासण्यात घालवल्या. सोल्डर ठणठणीत.

घोळ होता फीडपॉइंटला, म्हणजे केबल ॲन्टेनाला जुळते तिथे. मी कोॲक्स थेट जोडली होती, त्यामुळे तिच्या शील्डच्या बाहेरच्या अंगानं करंट खाली रेडिओपर्यंत उतरत होता. केबलच ॲन्टेनाचा तिसरा पाय झाली होती! हा करंट अडवायला ४३ मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) मोठ्या फेराइट रिंगवर आरजी-५८ या बारीक कोॲक्सचे बारा वेढे घेतले आणि रिंग फीडपॉइंटलाच बांधली. वेढे फार आवळू नका, आतली तार मध्यातून सरकते.

आता केबल कितीही धरा, काटा ढिम्म. एसडब्ल्यूआरचा तळ मात्र ७.०५ वर गेला होता, म्हणून दोन्ही बाजूंनी सात-सात सेंटीमीटर कापले.