जीव घाबरा होतो, छातीत धकधक होते : कारण कसं शोधायचं

गावात याला 'टेन्शन' म्हणून सोडून देतात, नाही तर बाहेरची बाधा समजून उतारा टाकतात. दोन्हींत खरं कारण तसंच राहतं. म्हणून आधी शरीर तपासा, मग पोटात काय जातं ते पाहा. मनाकडे त्यानंतर वळा.

ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, ईसीजी करून घ्या. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी करायची का, हेही विचारा. थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की वजन घटतं, घाम सुटतो, धडधडतं. रक्त कमी असलेल्या बायांनाही अशीच धकधक होते. छातीतली कळ हातात, जबड्यात गेली, किंवा फवारणीनंतर घाम, लाळ आणि बाहुल्या बारीक झाल्या, तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा. फवारणीनंतरची ही लक्षणं तर सरळ विषबाधेची आहेत.

एरवी १५ दिवस वही ठेवा. वेळ, किती मिनिटं, आधी काय खाल्लं-प्यालं, तेव्हा काय चाललं होतं. समजा नोंद अशी निघाली : 'पहाटे ४, धकधक २० मिनिटं, काल ६ खर्रे, रात्री दारू नाही.' यातली दारू आधी पकडा. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, घबराट सुरू होते. मग घोट घेतल्यावर बरं वाटतं आणि माणूस दारूलाच औषध समजतो. सोडायची ती डॉक्टरला सांगूनच. झटका किंवा भास झाला तर लगेच भरती करा. खर्ऱ्यातल्या तंबाखूनं ठोके वाढतात, तलफ राहिली की जीव कासावीस. कडक चहा आणि दम्याचा पंपही धडधड वाढवतात. अल्प्राझोलामसारखी झोपेची-घबराटीची गोळी मनानं सुरू करून अचानक थांबवली, तर घबराट आधीपेक्षा जोरात उलटते.

हे सगळं तपासून झालं की मन. घराण्यात कोणाला हा त्रास असेल, लहानपणी मारझोड सोसली असेल, तर कल आधीपासून असतो. त्यात पावसाची उघडीप, सोसायटीचं थकलेलं कर्ज, घरातला अचानक मृत्यू. सहसा एकटं एक कारण सापडत नाही. दोन-तीन मिळून येतात, म्हणून वहीत सगळी लिहा.

बहुतेक दिवस काळजी आवरत नसेल, झोप उडाली असेल आणि याला ६ महिने झाले असतील, तर तो चिंतेचा आजार असू शकतो. पण कामं अडायला लागली की तेवढंही थांबू नका. वही घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच १४४१६ लावा : टेली-मानस, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं.