नव्या मोटरसायकलची पहिली सर्व्हिसिंग: कुठे आणि कशी करून घ्यावी

इंदूरला आमच्या रामबागेत कुणाकडे नवी गाडी आली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच: "ऑइल घरीच बदललं तर?" हौस असली तरी पहिली सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरवर करा. फक्त गाडी सोडून घरी येऊ नका, तिथे उभे राहा.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि गिअरचे दाते घासून घासून जागेवर बसतात आणि धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. माझ्या गाडीचं पहिलं ऑइल काढलं तेव्हा दोन थेंब बोटावर घेऊन उन्हात धरले. रांगोळीत टाकतात तशी चमकी होती त्यात! म्हणूनच हे ऑइल लवकर बदलतात.

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. बहुतेक गाड्यांना 500 ते 1000 किलोमीटर किंवा 30 ते 60 दिवस, यातलं जे आधी होईल ते. देवासला रोज अप-डाऊन करणाऱ्याचे किलोमीटर आठवड्या-दोन आठवड्यांत होतात. राजवाडा ते पलासिया एवढंच फिरणाऱ्याने तारखेवर लक्ष ठेवावं. तोवर डबलसीट भेरूघाट चढवू नका.

जाताना कूपनचं पुस्तक न्या. मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे लागतात. शिक्का घ्यायला विसरू नका, वॉरंटी मागायची वेळ आली की तोच कामी येतो. तक्रारी तोंडी न सांगता जॉब कार्डावर, म्हणजे सेंटरच्या कामाच्या कागदावर, लिहून घ्या. डीकार्बनायझिंग (इंजिनात साचलेला कार्बन काढणं) आणि टेफ्लॉन कोटिंग (रंगावर चढवायचा चकचकीत थर) सुचवतील. नव्या गाडीला गरज नाही, स्पष्ट नको म्हणा.

ऑइल इंजिन गरम असताना काढावं आणि धार थांबून थेंब बंद होईपर्यंत थांबावं. ऑइल काढायच्या बोल्टचा वॉशर नवा घालायला सांगा. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच हवा. कारचं ऑइल चालत नाही, कारण बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि तो घसरू लागतो.

चेनकडे मात्र नीट बघा. माझ्या आधीच्या गाडीची चेन एका सेंटरवर इतकी ताणून दिली की घरी येईपर्यंत ती घूं-घूं करत होती. दुसऱ्या दिवशी परत जाऊन ढिली करून आणली. गाडी स्टँडवर लावा, चेन ज्यांवरून फिरते त्या पुढच्या-मागच्या दातेरी चकत्यांच्या (स्प्रॉकेटच्या) मधोमध खालची चेन बोटाने वर-खाली करा. बऱ्याच गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर खेळ लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

पैसे देण्याआधी एक चक्कर मारून ब्रेक आणि क्लच तपासा.

रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर ऑइलचा डाग दिसला तर किक मारू नका, आधी सेंटरला फोन करा.