पुण्यातून कोरियन भाषा आणि संस्कृतीच्या पदवीकडे : तयारी कशी करावी

पुण्यात परकीय भाषा शिकणे ही नवलाची गोष्ट नाही. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातील विद्यापीठाच्या विभागात जर्मन, फ्रेंच, रशियन आणि जपानी शिकलेल्या पिढ्या या शहरात आहेत. अलीकडे कोरियन शिकू पाहणाऱ्यांची त्यांत भर पडली आहे. मालिका आणि संगीत यांच्या ओढीने या भाषेकडे वळण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र पदवीची तीन-चार वर्षे या विषयाला द्यायची असतील, तर प्रवेशअर्ज भरण्याआधीच काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात.

पहिला प्रश्न असा की कोरियन हा मुख्य विषय हवा आहे की जोडविषय. मुख्य विषय म्हणून शिकायचे असेल, तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बीए ऑनर्सपासून पीएचडीपर्यंतची सोय असून पदवीचा प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतून होतो. रांचीच्या झारखंड केंद्रीय विद्यापीठातही कोरियन शिकवली जाते. इतिहास, राजकारण आणि समाज यांकडे ओढा असणाऱ्याने पुढे एमएसाठी दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अध्ययन विभागाचाही विचार करावा. पुण्यातच राहायचे असेल, तर अर्थशास्त्र, इतिहास, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीची नियमित पदवी घ्यावी आणि सोबत कोरियनचा अर्धवेळ अभ्यासक्रम करावा. हा मार्ग दुय्यम समजू नये. वेळा एकमेकींवर येत नसतील, तर एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये दिली आहे. चाकण आणि तळेगाव येथे ह्युंदाई नावाच्या कंपन्यांचे, तर रांजणगावला एलजीचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी दुभाष्याला दिवसभर यंत्रांचे भाग, मालातील दोष आणि पुरवठ्याच्या तारखा यांविषयी बोलावे लागते, त्यामुळे भाषेच्या जोडीला दुसऱ्या एखाद्या विषयाचे ज्ञान असलेल्या माणसाची तेथे अधिक गरज भासते. कोणत्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी शेवटी मिळणारा कागद प्रमाणपत्र आहे, पदविका आहे की पदवी, आणि तो कोणाच्या सहीचा आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : कोरियन इंग्रजीतून शिकू नये, मराठीतून शिकावी. रोमन अक्षरांत लिहिलेली कोरियन वाचण्याची सवय एकदा लागली की उच्चार बिघडतात आणि पुढे ते सुधारणे जड जाते. राजा सेजोंग याच्या काळात 1443 साली तयार झालेली आणि 1446 मध्ये जाहीर झालेली कोरियनची हंगुल लिपी 14 मूळ व्यंजने आणि 10 मूळ स्वर यांवर उभी आहे. तिच्या मूळ व्यंजनचिन्हांचे आकार जीभ, ओठ, दात आणि कंठ यांच्या स्थितीवरून घेतलेले आहेत. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग शाळेत पाठ केलेल्या मुलांना ही मांडणी ओळखीची वाटते. रोज तासभर दिला तर आठवडाभरात लिपी वाचता येऊ लागते.

उच्चारांतही मराठी कामी येते. कोरियनमध्ये क-वर्गातील ध्वनी तीन प्रकारचे आहेत : एक आपल्या ‘क’च्या अगदी जवळचा, दुसरा ‘ख’सारखा, आणि तिसरा शब्दारंभी या दोहोंच्या मधला, पण दोन स्वरांमध्ये आला की ‘ग’सारखा ऐकू येणारा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला पहिले दोन वेगळे ओळखायलाच फार वेळ लागतो. आपल्याला केवळ तिसऱ्यावर मेहनत घ्यावी लागते. मात्र कोरियन ‘ज’ हा ‘जीवन’मधला आहे, ‘जहाज’मधला नाही, आणि ‘फ’ म्हणताना दोन्ही ओठ पूर्ण मिटले पाहिजेत. ओठ गोल न करता म्हणायचा ‘उ’ मराठीत नाही, म्हणून तो आरशासमोर बसून घोटावा.

संधीचे नियम हा तर आपला घरचा अभ्यास आहे. सूप किंवा रस्सा या अर्थाचा कोरियन शब्द लिहिताना ‘कुक’ आणि ‘मुल’ असा लिहितात आणि वाचताना ‘कुङ्मुल’ असा वाचतात. वाक् आणि मय यांचे वाङ्मय होते, तोच हा नियम आहे. औपचारिक क्रियापदाच्या शेवटी ‘प’ लिहिलेला असूनही ‘म्निदा’ का ऐकू येते, हे कोडेही त्याच नियमाने सुटते. शिक्षक हे नियम क्रमांक घालून पाठ करायला सांगतील, तेव्हा प्रत्येकाशेजारी संस्कृत-मराठीतले एक उदाहरण लिहून ठेवावे.

वाक्यरचनेत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम मराठीसारखाच आहे, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून लागतात. क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही, एवढी मोठी सवलतही मिळते. खरी कसोटी आदरार्थी रूपांची आहे. मित्र आला, हे दुसऱ्या मित्राला सांगताना ‘छिन्गुगा वास्सॉ’ म्हणतात. आजोबा आले, हे त्याच मित्राला सांगताना ‘हाराबॉजिगा ओश्यॉस्सॉ’ म्हणतात. आणि हीच गोष्ट परक्या माणसाला सांगताना शेवटी ‘यो’ जोडतात. म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचे त्याचा मान क्रियापदाच्या मध्ये येतो आणि ज्याच्याशी बोलायचे त्याचा मान शेवटी. ‘आला’ आणि ‘आले’ यांतला फरक आपण पाळतोच, त्यामुळे पहिली बाजू लवकर समजते. दुसरीसाठी प्रत्येक नवे वाक्य मित्राला, शिक्षकाला आणि अनोळखी माणसाला उद्देशून अशा तीन रूपांत वहीत लिहावे. मालिकांतून कानावर पडणारी भाषा बहुधा जवळच्या माणसांतली असते, ती वर्गात किंवा मुलाखतीत वापरू नये.

संख्या दोन प्रकारच्या आहेत, आणि घड्याळात त्या एकत्र येतात : साडेतीन वाजले हे सांगताना ‘से शी सामशिप बुन’ म्हणतात, ज्यात तास देशी संख्येत आणि मिनिटे चिनी मूळ असलेल्या संख्येत असतात. शब्दसंग्रहाचा मोठा भाग असाच चिनी मुळाचा आहे, म्हणून शब्द कुळाकुळाने शिकावेत. ‘हाक’ म्हणजे अध्ययन हे कळले की ‘हाकसेंग’ हा विद्यार्थी, ‘हाक्क्यो’ ही शाळा आणि ‘तेहाक’ हे महाविद्यालय एकत्र लक्षात राहतात, जसे विद्यार्थी, विद्यालय आणि विद्यापीठ.

संस्कृती या शब्दाखाली केवळ किमची हे लोणचे आणि हानबोक हा पारंपरिक पोशाख यांची माहिती गोळा करून भागत नाही. 1392 ते 1910 ही जोसोन राजवट, 1945 पर्यंतची जपानी सत्ता, फाळणी आणि 1950 ते 1953 चे युद्ध, 1980 चा ग्वांगजूमधील उठाव आणि 1987 ची लोकशाही चळवळ, एवढा कालपट तरी प्रवेशापूर्वी वाचून झालेला असावा. युद्धात भारतीय सेनेचे 60 वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक जखमींवर उपचार करीत होते, आणि 1953 मध्ये युद्धकैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे होते. संशोधनाकडे जाऊ इच्छिणाऱ्यासाठी हे विषय अजून बरेच मोकळे आहेत. बौद्ध परंपरेचा धागा तर पुण्यातूनच धरता येतो. आठव्या शतकात भारतात येऊन गेलेला कोरियन भिक्षू ह्येचो, किंवा हेइन्सा मठात जपलेले त्रिपिटकाचे 80 हजारांहून अधिक लाकडी छापठसे, यांचा मूळ मजकूर अभिजात चिनीत असला, तरी त्यांच्या अभ्यासात पाली आणि संस्कृत उपयोगी पडते, आणि विद्यापीठाचा पाली विभाग व भांडारकर संस्था याच शहरात आहेत. साहित्यात हान कांग यांना 2024 चे नोबेल मिळाल्यापासून अनुवादांकडे लक्ष गेले आहे. अनुवाद वाचताना शक्य असेल तेव्हा मूळ कोरियन परिच्छेदही शेजारी ठेवावा.

कोरियन भाषेचे प्रावीण्य तपासणारी टोपिक ही परीक्षा सहा स्तरांची आहे. पहिले दोन स्तर 200 गुणांच्या पहिल्या परीक्षेतून ठरतात. त्यात ऐकणे आणि वाचणे एवढेच असते. तिसरा ते सहावा हे स्तर 300 गुणांच्या दुसऱ्या परीक्षेतून ठरतात, आणि तिच्यात लेखनही आहे. निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो, म्हणून अर्जाच्या वेळेचा हिशेब करूनच परीक्षा द्यावी. कोरिया सरकारच्या ग्लोबल कोरिया स्कॉलरशिपमध्ये पदवीपूर्वी साधारणपणे वर्षभर भाषा शिकवतात आणि पुढे जाण्यासाठी टोपिकचा तिसरा स्तर लागतो; पाचवा किंवा सहावा स्तर आधीच असेल, तर हे वर्ष वाचते. अर्ज दूतावासामार्फत किंवा विद्यापीठामार्फत करता येतो. कोरियातील शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते आणि दुसरे सत्र सप्टेंबरमध्ये, त्यामुळे आपले निकाल आणि तेथील मुदती यांचे वेळापत्रक वर्षभर आधी मांडावे.

कागदपत्रांना वेळ लागतो. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे आधी राज्यस्तरावर साक्षांकित करून मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल (म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का) करून घ्यावी लागतात. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते आणि पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात येते, तर वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर लिहावे, आणि फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र मुदतीच्या आधीच करून ठेवावे.