सड्यावरची शाळा, फुरसं आणि विंचू: मुलांसाठी काय तयारी ठेवायची

देवगड तालुक्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. आमच्याकडे कातळ, चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं) आणि काजूच्या बागा. फुरशाला, म्हणजे त्या छोट्या विषारी सापाला, आणि विंचवाला याहून चांगली जागा कुठली? त्यांना हटवता येणार नाही, पण मूल वाचवता येतं. ती तयारी जूनमध्ये, शाळा उघडते त्याच आठवड्यात व्हायला हवी.

मुलांना आधी शिकवायचं ते हे: काही चावलं, टोचलं की लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. सहा-सात वर्षांचं पोर हे लपवतं. गडग्यात हात घालू नको असं बजावलेलं असतं, चेंडू नेमका तिथेच गेलेला असतो, मग ओरडा बसेल म्हणून ते गप्प राहतं. म्हणून मी वर्गात चक्क तालीम घेते. एक मूल उठून येतं, "बाई, माका कायतरी चावला" म्हणतं आणि जागा दाखवतं. मी म्हणते, "बरं केलंस सांगितलंस," आणि त्याला तिथेच खाली बसवते. तू तिकडे गेलासच कशाला, हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही. पालकांनो, घरी तुम्हीही विचारू नका.

फुरसं जेमतेम हातभर, मातकट रंगाचं. वेटोळं करून अंगावर अंग घासतं आणि खरखर आवाज करतं. लहान दिसतं म्हणून मुलं काठीने डिवचायला जातात. तो आवाज आला की थांबायचं आणि आल्या पावली मागे यायचं, हेही करून दाखवा.

चावलंच तर मुलाला चालवू नका, उचलून घ्या. चावलेला हात किंवा पाय हलता कामा नये. आम्ही फळ्यावर रेघा मारायची लांब पट्टी लावून वर ओढणी सैलसर गुंडाळतो. पैंजण, बांगडी, पायातला काळा दोरा आधी काढा, सूज चढली की ते रुततात. घट्ट आवळून बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने चोखणं, पाला चोळणं यातलं काहीही नको. साप मारायला धावू नका. गावात 'पान लागलं', म्हणजे साप चावला, म्हटलं की अजून काही पाय भगताकडे वळतात. त्यात जाणारा वेळ मुलाचा असतो, हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते.

108 ला फोन करा, पण आमच्या घाटीत गाडी पोचेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. वाडीतल्या रिक्षावाल्यांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवेत. मोटरसायकलच असेल तर मूल दोन मोठ्यांच्या मध्ये धरा. निघतानाच आरोग्य केंद्रात फोन करून डॉक्टर आणि प्रतिविष आहे ना, विचारा. मूल लहान म्हणून प्रतिविष कमी द्यायचं नसतं. सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं. तिथे काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटांनी ते गोठलं का बघतात. पोर हसायला-खेळायला लागलं तरी 24 तास तिथेच राहू द्या.

विंचवाला आपण कमी लेखतो. लाल विंचू मोठ्या माणसाला रडवतो, लहान मुलाच्या मात्र थेट हृदयावर येतो. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले तर एक मिनिटही घालवू नका. ही लक्षणं दिसण्याची वाट बघू नका, नांगी लागली की निघाच. महाडकडे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन विंचूदंशावर वापरलं आणि त्याने कितीतरी पोरं वाचली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मी वर्गात मुलांना त्यांच्याबद्दल सांगितलं. ते औषध डॉक्टरच देतील, घरी साठवू नका.

शाळेत रोजचं म्हणाल तर: पोषण आहाराचा लाकूडफाटा भिंतीला टेकवून रचू नका. तांदळाला घट्ट झाकणाचं पिंप ठेवा, कारण उंदीर आले की मागोमाग साप येतो. दप्तरं खुंटीला. चपला घालण्याआधी उलट्या करून आपटायच्या. संडासाकडच्या वाटेवरचं गवत ग्रामपंचायतीला सांगून काढून घ्या, आणि ते पुन्हा वाढतं, तेव्हा पुन्हा सांगा.

दंशातून बरं होऊन आलेलं मूल बरेच दिवस घाबरलेलं असतं. एकटं संडासला जात नाही, बाकाखाली पडलेली पेन्सिल उचलत नाही. त्याला हसू देऊ नका कुणाला. मी त्याला दाराजवळची जागा देते आणि बाहेर जाताना सोबतीला एक मित्र. धीर आला की ते आपणच सोबतीला नको म्हणतं, तोवर सोबत काढू नका.