सिक्लिड घेताना या चुका टाळा: दुकानातल्या टाकीला भुलू नका

दुकानातल्या दोन फुटी टाकीत सिक्लिड या माशांच्या कुळातले पन्नास-साठ रंगीत मासे एकत्र फिरत असतात. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. आपण मनात म्हणतो, इथे एवढे सुखाने राहतात, तर माझ्याकडे आठ राहायला काय हरकत आहे? मीही तेच म्हटलं होतं. तीन फुटी टाकी, ‘आफ्रिकन मिक्स’ म्हणून घेतलेले दीड-दोन इंचांचे आठ मासे. चार महिन्यांनी दोन उरले, आणि त्यातलाही एक हीटरच्या मागे अंग चोरून दिवस काढत होता.

दुकानातली शांतता खरी नसते. एक तर ती सगळी पोरं असतात, वयात आलेली नसतात. दुसरं, गर्दी इतकी असते की कुणालाच जागा अडवता येत नाही. दगड नाही, कोपरा नाही, मग भांडायचं कशावरून? घरी आणल्यावर आपण हौसेने दगड रचतो, गुहा करतो आणि मासे मोजकेच सोडतो. म्हणजे प्रत्येकाला सातबारा मिळाला. बांधावरची भांडणं तिथूनच सुरू होतात.

रंग बघून उचलणं

माझ्या आठांतला सगळ्यात देखणा मासा ऑराटस होता. सोनेरी पिवळा, अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे. तिसऱ्या महिन्यात तो काळवंडायला लागला. मला वाटलं आजारी पडला, म्हणून औषध आणलं. तो आजारी नव्हता, नर होता. ऑराटसची पिल्लं आणि माद्या पिवळ्या असतात, वयात आलेला दादा नर मात्र जवळजवळ काळा होतो आणि त्याचे पट्टे फिकट निळसर दिसतात. आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातल्या खडकाळ भागात राहणाऱ्या सिक्लिडना एम्बुना म्हणतात. त्यांतल्या सर्वांत भांडखोरांमध्ये ऑराटसची गणना होते. तीन फुटी टाकीत तो एकटाच सगळ्यांच्या मुळावर येतो.

त्याच सरोवरात गरीब स्वभावाचेही एम्बुना आहेत. इलेक्ट्रिक येलो, रस्टी आणि चार फुटी टाकी असेल तर अ‍ॅसई. नवशिक्याने या तिघांपलीकडे पहिलं वर्षभर बघूच नये, असं माझं मत आहे. पण ‘मिक्स’ हा शब्द ऐकला की पैसे खिशातच ठेवा. जातीचं नाव सांगता येत नसेल, तर दुकानदारालाही तो मासा पुढे काय करणार हे माहीत नाही. शिवाय मालावीचे मासे आपसांत संकर करतात, त्यामुळे मिक्स टाकीतली पिल्लं नेमकी कशाची आहेत हे सांगणं अवघड असतं.

आजचं माप धरणं

ऑस्कर नावाचा सिक्लिड दोन इंचांचा असताना कुत्र्याच्या पिल्लासारखा मागे मागे करतो. वर्षभरात तो दहा-बारा इंचांचा होतो. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत साधारण २५५ लिटर पाणी मावतं. एका ऑस्करला निदान तेवढं हवं. दोन फुटी टाकीत जेमतेम ५५ लिटर. तिथे ऑस्कर म्हणजे वन रूम किचनमध्ये बांधलेली म्हैस.

एंजलचंही तसंच. एंजल सिक्लिड आहे हेच अनेकांना माहीत नसतं. छोट्या एंजलबरोबर निऑन टेट्रा सोडतात, फोटोही झकास येतात. मग महिन्याला एकेक निऑन कमी होत जातो आणि ‘पाण्यात काहीतरी आहे’ म्हणून पाणी बदललं जातं. पाणी ठीक असतं. एंजलचं तोंड मोठं झालेलं असतं.

एकाच टाकीत दोन खंड

मालावीचं पाणी क्षारयुक्त आणि अल्कधर्मी, पीएच (पाणी किती आम्ल-अल्क ते सांगणारा आकडा) ८ च्या आसपास. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवराचं त्याहून चढं. डिस्कस, रॅम ही दक्षिण अमेरिकेतली मंडळी. त्यांना मऊ, किंचित आम्लधर्मी आणि ऊबदार पाणी लागतं, डिस्कसला तर २८ ते ३० अंश. ही दोन्ही एका टाकीत घालू नका. भांडली नाहीत तरी एकजण झिजत जातो.

मासा निवडण्याआधी नळाचं पाणी तपासा. पाण्याचा स्वभाव बदलण्यापेक्षा मासा बदलणं स्वस्त पडतं. बोअरचं जड पाणी असेल तर आफ्रिकन मासे बिनबोभाट राहतात. मऊ पाण्यात आफ्रिकन ठेवायचेच असतील तर फिल्टरमध्ये कोरलचा चुरा घाला. डिस्कसच्या टाकीत मात्र शोभेसाठीसुद्धा शंख-शिंपले नकोत, कारण ते विरघळत जाऊन पाणी जड करतात. आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही: पीएच जितका चढा, तितका माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया जास्त विषारी. म्हणून टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, ही घाई आफ्रिकन टाकीत जास्त महागात पडते. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

जोडी आणायचा आग्रह

‘एक नर एक मादी द्या’ असं एम्बुनाच्या बाबतीत कधी म्हणू नका. नर त्या एकट्या मादीला पळवून पळवून मारतो. एका नराला तीन-चार माद्या हव्यात, म्हणजे त्याचा ताप वाटला जातो. पिल्लावस्थेत नर-मादी ओळखणं कठीण. खालच्या परावरच्या अंड्यासारख्या ठिपक्यांवरून सांगतात, पण माद्यांनाही ते असू शकतात. त्यामुळे एका जातीची सहा-आठ पिल्लं घ्यायची आणि जास्तीचे नर ओळखू आले की परत द्यायचे.

याउलट कॉन्व्हिक्ट या सिक्लिडची खरोखरच जोडी जमते, आणि तीच डोकेदुखी. अंडी घातली की नवराबायको मिळून अर्धी टाकी ताब्यात घेतात, बाकीचे सगळे उरलेल्या कोपऱ्यात.

फ्लॉवरहॉर्नला सोबत शोधणं

नको. हा भांडखोर सिक्लिड एकटाच ठेवा. घरात भाग्य येतं म्हणून आणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी वाद नाही. पण ‘बिचारा एकटा आहे’ म्हणून त्याच्या टाकीत पॅरट सिक्लिड सोडणं हा निव्वळ अन्याय आहे. पॅरट हा माणसाने केलेला संकर, त्याचं तोंड धड मिटत नाही. चावणाऱ्याला उलट चावणं त्याला जमत नाही.

आता भांडण लागलंच आहे, तर?

आधी बघा. जेवणाच्या वेळी एखादा वर येतच नाही, शेपटीच्या कडा कुरतडलेल्या दिसतात, कुणी पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरका उभा राहतो, ही मार खाणाऱ्याची लक्षणं. जाळी घेऊन त्यालाच बाहेर काढायचा मोह होतो. त्याला जीव वाचवण्यापुरतं जरूर काढा, पण दादा आत राहिला तर तो उद्या दुसरं गिऱ्हाईक शोधेल. दादाला चार-पाच दिवस वेगळ्या टाकीत ठेवा, तेवढ्यात सगळे दगड हलवून नव्याने रचा. परत येतो तेव्हा त्याचा सातबारा रद्द झालेला असतो. दिवा बंद करून, बाकीच्यांना खायला घालून मगच त्याला सोडा. नवे मासे आणतानाही हीच रीत, आणि एकटा कधीच नाही, तीन-चार एकदम.

दगड रचताना ते वाळूवर ठेवू नका. आधी काचेवर दगड, मग भोवती वाळू. हे मासे रात्रंदिवस उकरतात. खालची वाळू गेली की दगड कलंडतो आणि काच तडकते.

एक गफलत नेहमीची. एम्बुनाची मादी खात नाही, कोपऱ्यात उभी आहे, म्हणून औषध ओतलं जातं. आधी तिचा गळा बघा. गळा फुगलेला आणि तोंड सारखं चघळल्यासारखं हलत असेल, तर तोंडात अंडी आहेत. सुमारे तीन आठवडे ती उपाशी राहून पिल्लं वाढवते. पण फुगवटा पोटाला असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल, तर तो ब्लोट, म्हणजे पोट फुगण्याचा आजार. बहुतेक एम्बुना खडकावरचं शेवाळ खाणारे, त्यांना रोज ट्यूबिफेक्स किडे आणि मांसाचे तुकडे घातल्याने असं होऊ शकतं. स्पिरुलिनाचं, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाचं खाणं मुख्य ठेवा.

नको झालेला मासा तळ्यात, नदीत सोडू नका. उजनीकाठी भिगवणला ताटात येणारी चिलापीसुद्धा सिक्लिडच, मूळची आफ्रिकेची. मोझांबिक चिलापी १९५२ साली भारतात आणली, पुढे कितीतरी जलाशयांत ती देशी माशांना भारी पडली.

माझा ऑराटस मी दुकानदाराला फुकट परत दिला. त्याने त्याला पुन्हा त्या साठांच्या टाकीत सोडलं. दहा मिनिटं मी उभा राहून बघत होतो; पठ्ठ्या शहाण्या बाळासारखा गर्दीत फिरत होता. शेजारी एक मुलगा बाबांचा हात ओढून म्हणाला, “बाबा, तो काळा घेऊया ना, बघा किती शांत आहे.”