64 च्या लाईनवर आवाज तुटतो? बँडविड्थ आणि क्लॉकच्या या चुका टाळा

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगपासून यवतमाळच्या ऑफिसपर्यंत 64 केबीपीएसची (सेकंदाला 64 हजार बिट) लीज्ड लाईन, म्हणजे कायम भाड्यानं घेतलेली लाईन होती. हिशेब आणि फोन दोन्ही तिच्यावरच. ऐन सीझनमध्ये मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, गाठींची यादी पाठवली का आवाज तुटतेच. काऊन होत असन?" मोडेम बदलून झालं होतं, लाईनवाल्यांशी भांडून झालं होतं. घोळ निघाला राउटरमध्ये, कोणी न टाकलेल्या एका आकड्याचा.

सिस्कोच्या राउटरवर सिरियल पोर्टला (लीज्ड लाईन जोडायची जागा) 'बँडविड्थ' ही कमांड दिली नाही, तर तो 1544 केबीपीएस धरतो. हा अमेरिकेतल्या टी1 या डिजिटल लाईनचा वेग. आपल्याकडे ई1, म्हणजे 2048. जिनिंगात तर दोन्ही नव्हते. या कमांडनं लाईनचा वेग बदलत नाही, तो क्लॉकवर, म्हणजे बिट पाठवायच्या ठेक्यावर, ठरतो. हे ज्याला कळतं तो म्हणतो, मग टाकायची कशाला? इथंच फसगत होते, कारण राउटरची आकडेमोड याच आकड्यावर चालते.

1500 बाइटचं पॅकेट 64 च्या लाईनवरून जायला सुमारे 188 मिलिसेकंद लागतात. आवाजासाठी एका बाजूचा एकूण उशीर 150 च्या आत असावा, असं आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेचं जी.114 मानक सांगतं. आवाज मोठ्या पॅकेटमागं अडकू नये म्हणून मल्टिलिंक पीपीपीत (लाईनवर डेटा नेण्याची एक पद्धत) मोठ्या पॅकेटचे 10 मिलिसेकंदांचे तुकडे करायला लावतात. 64 धरलं तर तुकडा 80 बाइटचा. 1544 धरलं तर 1930 बाइटचा! मग 1500 चं पॅकेट कापलंच जात नाही. जिनिंगात हेच झालं होतं: तुकडे करायची कमांड होती, पण तुकडा एकही पडत नव्हता. दोन्ही टोकांना 'बँडविड्थ 64' टाकलं आणि यादी जाताना बोलणं सुरू राहिलं.

कोडेकचंही, म्हणजे आवाजाचा डेटा करणाऱ्या पद्धतीचंही, बघा. जी.711 चा आवाज 64 केबीपीएसचा, पण हेडर (पॅकेटवरचा पत्ता वगैरे) धरून 80 होतो. एक कॉलही मावत नाही. जी.729 ला पीपीपीसकट 26 च्या आसपास लागतात, म्हणजे दोन कॉल. तिसरा आत घेतला की तिघांचाही आवाज जातो.

'क्लॉक रेट' फक्त डीसीई, म्हणजे क्लॉक देणाऱ्या, बाजूला द्यायचा. टेबलावर दोन राउटर केबलनं जोडून शिकलेली मुलं तो साइटवरही टाकायला जातात. तिथं क्लॉक मोडेम देतो, राउटर डीटीई, म्हणजे क्लॉक घेणारा, असतो. 'शो कंट्रोलर्स सिरियल' मारा: केबल डीटीई आहे की डीसीई, क्लॉक येतोय की थांबलाय, दोन्ही दिसतं. केबल लांब असेल आणि वेग वाढवल्यावर एरर येत असतील, तर ट्रान्समिट क्लॉक उलटा करून बघा.

ई1 पीआरआयवर (एकाच ई1 वर अनेक कॉल नेणारी फोनलाईन) मात्र क्लॉक चुकला तरी डेटा ठणठणीत, फॅक्स अर्ध्यात तुटतो आणि फोनवर टकटक येते, म्हणून क्लॉकचा संशय कोणालाच येत नाही. एक ई1 टेलिकॉमकडून आणि दुसरा ईपीएबीएक्सकडे (ऑफिसातलं फोन एक्स्चेंज) असेल, तर क्लॉक टेलिकॉमच्या लाईनवरून घ्या आणि ईपीएबीएक्सला राउटरनं द्यावा. त्या बाजूलाही क्लॉकचा स्रोत 'लाईन' ठेवला, तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. काउंटर साफ करा, पंधरा मिनिटांनी 'शो कंट्रोलर्स ई1' मारा. स्लिपचा, म्हणजे क्लॉक न जुळल्यानं निसटलेल्या डेटाचा, आकडा शून्यावरच राहिला पाहिजे.